दाराजवळची चटई

चंद्रपूर
१२ फेब्रुवारी १९८५

प्रिय कमल,

सलाम. प्रभूच्या नावात सलाम लिहायची आपली रीत आहे, पण तुझं पत्र वाचून माझ्या मनात जे आलं ते प्रभूच्या नावात लिहिण्यासारखं नव्हतं. म्हणून आज नुसता सलाम.

बापूराव परत आले, असं लिहितेस. जसे काही लढाई जिंकून आले. माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी मला न सांगता घरातून गेले, तेंदूपत्त्याच्या फडांवर विडीच्या पानांची मोजणी, मुंशीगिरी करत जंगलात राहिले, मिळेल ते मोहाच्या दारूत घातलं, आणि आता अंगात काही उरलं नाही तेव्हा तुमच्या मुरूमटोल्याच्या देवळाच्या पायरीवर येऊन बसले. तुझे गुणवंतराव मंडळीचे उपदेशक. पण उपदेशक ते नंतर झाले, भोळे जन्मापासूनच आहेत. त्यांनी 'या' म्हटलं आणि देवळामागची खोली उघडून दिली.

'भाऊजींना पश्चात्ताप झाला आहे' हे तू दोनदा लिहिलंस आणि दुसऱ्या वेळी खाली रेघ ओढलीस. बापूरावांचा पश्चात्ताप तू मला शिकवतेस? लोकांना थंडीत सर्दी होते तसा तो त्यांना होतो. डोळ्यांना पाणी येतं, नाक वाहतं, आणि आठवड्यात बरं वाटतं. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच संजीवन सभेत ते पुढे जाऊन इतके रडले की बाहेरगावचा वक्ता घाबरून गेला. बाबांच्या मातीला कबरीवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. त्याच वर्षी नाताळच्या उपासनेत वचन वाचायला उभे राहिले आणि झोकांडी खाऊन बाजाच्या पेटीवर पडले. तेव्हा मंडळीच्या वडीलजनांनी त्यांना प्रभूच्या मेजावरून उठवलं, भाकर आणि प्याला बंद केला, आणि मी मान खाली घालून त्यांना रिक्षात घातलं.

आणि दर वेळी कारण असायचंच. दाढ दुखत होती. ते मास्तर होते ती शाळा तपासायला साहेब आले होते, त्यांचा आग्रह मोडवेना. पाऊस लागला म्हणून एका झोपडीत थांबलो, तर झोपडीवाल्याने दिली. दवाखान्यात सिस्टर म्हणून बेवड्यांची कारणं ऐकत माझे केस पिकले, पण इतकी सुबक कारणं देणारा रोगी मी दुसरा पाहिला नाही.

मी त्यांच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करावी असं सुचवतेस. माझा उजवा गुडघा वाकत नाही, हे तू विसरलीस. देव माझं उभ्यानेच ऐकतो आणि अजून त्याने तक्रार केलेली नाही.

ईस्टरच्या प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी मनुका दरवर्षीप्रमाणे गोल बाजारातून घेऊन ठेवल्या आहेत. एसटीच्या कंडक्टरकडे देईन. जुन्या मिशनरी साहेबांनी घालून दिलेलं तेवढं एक बरं आहे. अर्धी मंडळी दारूतून बाहेर आलेली, तेव्हा प्याल्यात द्राक्षारस नको, भिजवलेल्या मनुकांचा रस पुरे.

तुझी
सुगंधाताई


मुरूमटोला, ता. धानोरा
२७ फेब्रुवारी १९८५

प्रिय ताई,

येशूच्या नावात सलाम. तुझा राहिलेलाही यातच घे.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. भोळे म्हटलेलं वगळलं होतं, पण ते मागून येऊन वाचून गेले. हसले आणि म्हणाले, बाईचं चूक नाई.

भाऊजी फार वाळले आहेत. खोलीत राहतात, देवळाच्या छपराची फुटलेली कवेलं बदलतात, विहिरीवरून पाणी आणून ठेवतात. बोलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तू सांगतेस तसं रडणं मी एकदाही पाहिलं नाही. आमच्या देवळात दाराजवळ एक चटई असते, तुला आठवत असेल. मेजावरून उठवलेल्या माणसाने पुन्हा घेतलं जाईपर्यंत तिथे बसायचं. आजकाल तिच्यावर कोणी बसत नाही, ज्याला उठवलं तो येणंच सोडतो. भाऊजी दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन तिच्यावर बसतात. लोक त्यांच्या पायांना पाय लावून आत जातात.

आता मोहाची फुलं पडायला लागली आहेत. सगळा गाव भल्या पहाटे टोपल्या घेऊन झाडांखाली जातो. भाऊजी मात्र विहिरीला जायचं तरी नाल्याकडून लांबचा फेरा घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "कमलाबाई, त्या झाडाखाली मी लई वर्षं पडलो. आता फुलांले पडू द्या." मग हसू थांबवून म्हणाले, "तो वास आला का माझे पाय माझं ऐकत नाई."

ईस्टरच्या आठवड्यात चंद्रपूरहून पाळकसाहेब येणार आहेत. उपदेशकाला प्रभुभोजन देता येत नाही, म्हणून वर्षातून मोजक्या वेळा ते येतात, तुला ठाऊकच आहे. ह्यांनी त्यांना लिहून विचारलं, आणि भाऊजींनी मंडळीसमोर कबुली दिली तर मेजावर परत घेऊ, असं त्यांचं उत्तर आलं. तू ये ना, ताई. नाही आलीस तर मनुका तरी जरा जास्त पाठव, यंदा मंडळी वाढली आहे.

तुला पत्र लिहा असं मी भाऊजींना म्हटलं. म्हणाले, तिले लिहाले माझ्याजवळ तोंड नाई. एवढंच विचारलं, की गुडघा अजून तसाच आहे का.

तुझी
कमल


चंद्रपूर
११ मार्च १९८५

कमल,

गुडघा तसाच आहे. त्यांना सांग की तो त्यांच्या कबुलीवर अवलंबून नाही.

चटईवर बसतात, कवेलं बदलतात, झाडाला वळसा घालतात. याला पायपीट म्हणतात, पश्चात्ताप नव्हे. माणूस दारू सोडतो तेव्हा पहिले काही महिने असाच संत दिसतो. आमच्या वॉर्डात असे संत खाटेखाटेवर असतात आणि सुट्टी मिळाली की फाटकासमोरच्या गुत्त्यात शिरतात.

वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने शेवटच्या घटकेला आत घेतलं, हे मी लहानपणापासून ऐकते आहे. त्या चोराला बायको होती का, आणि तिला कोणी विचारलं का, हे मात्र आजवर एकाही पाळकाने सांगितलं नाही. तुमच्या मुरूमटोल्यात तरी कोणी मला विचारलं? गुणवंतरावांनी पाळकांना लिहिलं, पाळकांनी गुणवंतरावांना लिहिलं. ज्या घरातून ते गेले ते घर इथे चंद्रपुरात आहे आणि त्यात मी एकटी राहते. अपराध माझ्याशी केला आणि माफी तुम्ही आपसात वाटून घेतलीत.

तर आता मनुकांचं. त्या माझ्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि तिथेच राहतील. ज्या प्याल्याला त्यांचे ओठ लागायचे तो मी भरून द्यायचा नाही. मेजावर घ्यायचंच असेल तर रस कुठून आणायचा, हे गुणवंतरावांनी प्रार्थनेत विचारावं.

माझ्यावर रागावू नकोस. रागावलीस तरी हरकत नाही.

सुगंधाताई


मुरूमटोला
१० एप्रिल १९८५

ताई,

तुझं खरं झालं. तुझं खरं होऊ नये म्हणून मी देवाजवळ किती मागितलं, ते माझं मला ठाऊक.

मनुकांची मी शेवटपर्यंत वाट पाहिली. वाटलं, ताई बोलते तशी वागत नाही. धानोऱ्याच्या बाजारातही मिळाल्या नाहीत. मग शेजारची धुरपता म्हणाली, मोहाची वाळली फुलं भिजवा, मनुकेवानीच गोड, रंगही तसाच. ती आमच्या मंडळीतली जुनी बाई, तिची पोरं मोहफुलं खातच मोठी झाली. मलाही पटलं. फूल काही दारू नव्हे. उपासना गुरुवारी व्हायची म्हणून मी बुधवारी फुलं मटक्यात भिजवली. पण पाळकसाहेबांची मोटारसायकल गडचिरोलीला बंद पडली आणि ते आले थेट रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी. पुन्हा भिजवायला वेळ नव्हता. तेच पाणी गाळून प्याल्यात ओतलं. जरा आंबूस झालं होतं. बायका नंतर म्हणाल्या, यंदा जीभ चुरचुरली.

भाऊजींनी पांढरा सदरा घातला होता. चटईवरून उठून पुढे गेले आणि सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तुझं नावही घेतलं. कोणावर काही ढकललं नाही. पाळकसाहेबांनी त्यांना हात दिला आणि आपल्या शेजारी बसवलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होतं.

भाकर त्यांनी घेतली. मग प्याला आला. तो त्यांनी तोंडाजवळ नेला, आणि तसाच खाली घेतला. पुढच्या माणसाच्या हातात प्याला देऊन ते उठले, सगळ्यांसमोरून चालत बाहेर गेले.

पाळकसाहेब भयंकर चिडले. म्हणाले, कबुली देऊन प्याला नाकारणं म्हणजे प्रभूच्या रक्ताची थट्टा. जेवायलाही थांबले नाहीत. आमचे हे संध्याकाळी भाऊजींना शोधत गेले तर ते नाल्याजवळ डोकं धरून बसलेले. किती विचारलं, उत्तर नाही. खोली सोडून ते आता गावाबाहेरच्या तेंदूपत्त्याच्या गोदामाच्या पडवीत झोपतात. मी डबा पाठवते तो अर्धा परत येतो.

सगळा गाव म्हणतो, त्याच्या मनात कधी नव्हतंच. मलाही तसंच वाटायला लागलं आहे. तू मोठी आहेस, तुला माणसं आधी कळतात.

कमल


चंद्रपूर
१६ एप्रिल १९८५

प्रिय कमल,

मी सांगितलं होतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. मी सांगितलं होतं. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. तुझं पत्र आलं त्या दिवशी ड्यूटीवरून येऊन मी स्वतःसाठी कांद्याची भजी तळली. कित्येक महिन्यांत स्वतःसाठी काही तळलं नव्हतं.

तुमचे पाळक चिडले म्हणतेस. त्यांना राग आला तो त्यांची उपासना बिघडली म्हणून. पांढऱ्या सदऱ्याला भुलणाऱ्या माणसाने पाळक होऊच नये, कापडाचं दुकान काढावं. गुणवंतरावांना सांग की मन लावून घेऊ नका. मी बारा वर्षं संसार करून जे शिकले ते त्यांना दोन महिन्यांत शिकायला मिळालं. बापूरावांनी आता कोणतं कारण काढलं आहे तेवढं कळव. दाढ तर आता उरली नसेल.

१७ एप्रिल

इथवर लिहून ठेवलं होतं. आज पाकीट चिकटवण्याआधी तुझं पत्र पुन्हा वाचलं. कारण काय सांगितलं ते शोधत होते. कारण सापडलं नाही. ते त्यांनी दिलेलंच नाही.

मग तू लिहिलेलं ते मटकं दिसलं.

कमल, तू त्यांना मोह दिलास. एप्रिलच्या उन्हात इतके दिवस मटक्यात भिजलेला मोह. दारू काढणारे दुसरं काय करतात? ते फक्त पुढे चुलीवर चढवतात. तुझं लहानपण दवाखान्याच्या आवारात गेलं, तुला फिनेल सोडून कशाचा वास ओळखता येत नाही. धुरपताला मोह म्हणजे पोरांचा खाऊ. पाळकांनी आयुष्यात कधी ओठाला लावली नसेल. तुमच्या साऱ्या मंडळीची जीभ चुरचुरली आणि तुम्ही तो आशीर्वाद समजलात. त्या प्याल्यात काय आहे ते कळणारा एकच माणूस तिथे बसला होता. प्याला नाकाजवळ आल्याबरोबर त्याला कळलं. एक घोट, आणि नऊ वर्षं पुन्हा सुरू झाली असती. हे मी बायको म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगते.

त्यांनी तिथे उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की यात दारू आहे. सगळे तुझ्यावर उलटले असते. उपदेशकाच्या बायकोनेच प्रभूच्या प्याल्यात मोह ओतला म्हणून गुणवंतरावांना पाळकांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून ते न बोलता बाहेर गेले.

जन्मभर खोट्या कारणांवर जगलेल्या माणसाला पहिल्यांदाच एक खरं कारण मिळालं, आणि ते त्याने सांगितलं नाही. आणि मी इथे भजी तळून खात होते, कमल.

आणि मनुका माझ्या कपाटात आहेत. मी अडवल्या म्हणून तू फुलं भिजवलीस. तुझी चूक न कळण्याची आहे. माझी तशी नाही.

हे पत्र गुणवंतरावांना दाखव. वगळू नकोस काही.

सुगंधा


मुरूमटोला
२६ एप्रिल १९८५

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र वाचून मी दिवसभर चुलीजवळ नुसती बसून होते. संध्याकाळी आम्ही दोघं गोदामावर गेलो. मी भाऊजींना विचारलं, काऊन नाई सांगितलं? त्यांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, "मले दाराजवळ बसाची सवय आहे, कमलाबाई. तुमाले नाई जमलं असतं." आणि हे कोणाला सांगायचं नाही असं आमच्याकडून वचन मागत होते. हे म्हणाले, तेवढं वचन मला देता येणार नाही.

रविवारी मी मंडळीसमोर उभी राहून सगळं सांगितलं. तुझ्या मनुकांचं सांगितलं नाही, फक्त मिळाल्या नाहीत म्हटलं. मग मी दाराजवळच्या चटईवर जाऊन बसले. कोणी बसवलं नाही, पण पुढे बसवेना. मग धुरपता म्हणाली, "मले त मागल्या वर्षीपेक्षा बरं लागलं होतं." सगळे हसले आणि मला रडू आलं. ह्यांनी पाळकसाहेबांना सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर लहान आणि नरम आलं. ते मे महिन्याच्या शेवटी, पवित्र आत्म्याच्या सणाला पुन्हा येतील आणि मेज मांडतील.

पण ताई, भाऊजी तोवर थांबत नाहीत असं दिसतं. एका ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. फड लागले की मुंशी म्हणून चला म्हणतो. तिथे रोज संध्याकाळी काय चालतं ते तुला सांगायला नको. भाऊजी म्हणतात, माझ्यापायी मंडळीत तमाशा झाला, उपदेशकाले खाली पाहा लागलं, आता मी इथी राहून काय करू. गाठोडं बांधून ठेवलं आहे. ह्यांनी हात जोडले तरी ऐकत नाहीत. हे म्हणतात, त्यांना थांबवणारं एकच माणूस आहे आणि ते मुरूमटोल्यात नाही.

मी तुला ये म्हणत नाही. एकदा म्हणून झालं आहे.

तुझी
कमल


चंद्रपूर
२ मे १९८५

वर काय लिहावं ते सुचत नाही. इतक्या वर्षांत तुम्हाला हाक मारायची सवय गेली, म्हणून नुसतं लिहिते.

तुम्ही फार बरं केलंत असं मी लिहिणार नाही. तुम्ही जे केलंत त्यातलं बरं एकच आहे आणि ते मला ठाऊक आहे. बाकी सगळंही मला ठाऊक आहे. या घरात पाऊस आला की कुठे भांडं ठेवावं लागतं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण गळायला लागलं ते तुम्ही गेल्यावर. हे सगळं मी तुम्हाला ऐकवणार आहे, एका दिवसात संपायचं नाही. तेव्हा फडावर जायचं असलं तरी आधी ते ऐकावं लागेल.

मागच्या रविवारी इथे आमच्या देवळात प्रभुभोजन होतं. पाळकांनी पुढे बोलावलं. मी उठले नाही. शेजारच्या बायकांना वाटलं गुडघा दुखतो. मी त्यांना तसं वाटू दिलं. म्हणजे कारणं द्यायला मलाही येतात, असं दिसतं.

मनुका मी डब्यातून काढून स्वच्छ निवडल्या आहेत. कंडक्टरकडे देणार नाही. रजा मिळाली आहे, घेऊन मीच येते, सोमवारी धानोऱ्याच्या गाडीने. सणाला मेज मांडतील तेव्हा रस मी स्वतः भिजवीन, आणि आदल्या रात्रीच भिजवीन, आधी नाही. कमलला त्या मटक्याला हात लावू देऊ नका.

सणाआधी मध्ये दोन रविवार आहेत. दोन्ही रविवारी मी तुमच्या शेजारी दाराजवळच्या त्या चटईवर बसणार आहे. गुणवंतरावांना सांगा, चटई लहान असेल तर दुसरी जोडून ठेवा. पुढे बसा असा आग्रह कोणी करू नये. मी कोणाचं ऐकत नाही, हे त्यांना तुम्ही सांगू शकाल.

गाठोडं सोडून ठेवा. आणि गाडीवर तुम्हीच या, दुसऱ्या कोणाला पाठवू नका. गुडघा तसाच आहे. खाली बसताना हात द्यावा लागेल.

सुगंधा